आज्ञेची ओळ आणि हाताचे श्रम



संगणकाशीं बोलण्याचे आज दोन मार्ग रूढ आहेत. एक चित्रांचा. पडद्यावर लहान लहान चित्रें मांडलेलीं असतात. माउसनें त्यांपैकीं एकाकडे बोट दाखवावें कीं काम होतें. दुसरा शब्दांचा. कोऱ्या, बहुधा काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावयाची, एंटर ही कळ दाबावयाची, आणि संगणकानें ती आज्ञा पाळावयाची. पहिला मार्ग आतां लहान मुलांनाही ठाऊक आहे. दुसऱ्याला कमांड लाइन, म्हणजे आज्ञेची ओळ, असें म्हणतात. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांतील मुलगा, मुलगी किंवा सून दिवसाचे कित्येक तास ह्या ओळीपुढें बसलेलीं असतात. पाहणाऱ्यास पडद्यावर नुसतीं अक्षरें धांवतांना दिसतात आणि हें काय चाललें आहे, असा प्रश्न पडतो. त्या कामाचें एक अंग, म्हणजे हात थोडा चालवून काम पुष्कळ व बिनचूक कसें करावें, हें आज आपणांस समजावून द्यावें, असा माझा हेतु आहे.

प्रथम एक शंका दूर करतों. चित्रांचा सोपा मार्ग मोकळा असतांना शब्दांचा अवघड मार्ग कोणी कां धरावा? ह्याचें उत्तर असें कीं, बोट दाखवून ‘हें दे’ एवढेंच म्हणतां येतें. ‘ज्या फायली गेल्या महिन्याभरांत कोणी बदलल्या नाहींत, आणि ज्यांचीं नांवें अमुक अक्षरांनीं संपतात, तेवढ्याच निवडून दुसऱ्या कपाटांत ठेव’ हें बोटानें सांगतां येत नाहीं. त्याला भाषाच लागते. शिवाय शेंकडों कोसांवर असलेल्या संगणकाला तारेवरून आज्ञा द्यावयाची असली, तर चित्रांपेक्षां चार शब्द पाठविणेंच सोयीचें पडतें. म्हणून हा मार्ग जुना असूनही मोडला नाहीं.

ह्या विद्येचा उगम पाहिला म्हणजे तिच्यांतील कित्येक चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही संगणकप्रणाली रचावयास आरंभ केला. त्या काळीं ते आज्ञा बहुधा पडद्यावर लिहीत नसत. टेलिटाइप नांवाचें, तारेला जोडतां येणारें टंकयंत्र होतें. त्याचा ‘मॉडेल ३३’ हा प्रकार १९६३ सालीं निघाला होता. तें यंत्र सेकंदाला १० अक्षरें छापी, आणि त्याच्या कळा जोर देऊन दाबाव्या लागत. लिहिणाऱ्याचा हात थके आणि छापणारें यंत्र मंद चाले. अशा स्थितींत शब्द आंखूड झाले तर नवल नाहीं. यादी दाखविण्यास एल-एस, नक्कल करण्यास सी-पी, हलविण्यास एम-व्ही, काढून टाकण्यास आर-एम, अशीं दोन दोन अक्षरांचीं क्रियापदें तेव्हां रूढ झालीं, तीं अद्याप चालू आहेत.

त्याच यंत्रापासून कंट्रोल ही कळ आपल्याकडे आली. तिचें काम काय, तें गणितानें चटकन् समजतें. १९६३ सालीं ठरलेल्या ॲस्की नांवाच्या संकेतांत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. पहिल्या मोठ्या ‘ए’ ह्या अक्षराचा क्रमांक ६५, ‘बी’चा ६६, असे ते पुढें चढत जातात. कंट्रोल दाबून अक्षर दाबलें म्हणजे त्याच्या क्रमांकांतून ६४ वजा होतात. ‘जी’चा क्रमांक ७१, त्यांतून ६४ गेले, ७ उरले. सातवा संकेत घंटी वाजविण्याचा होता. ‘एल’चा क्रमांक ७६, बाकी १२, बारावा संकेत कागद पुढील पानावर सरकविण्याचा. आज कागद नाहीं, पण कंट्रोल व एल दाबले असतां पडदा पुसला जाऊन ओळ माथ्यावर येते, म्हणजे जणूं नवें पान लागतें. ‘डी’चा क्रमांक ६८, बाकी ४, चौथा संकेत ‘प्रेषण संपलें’ असा. आजही रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी दाबलें कीं संगणक तुमचें बोलणें संपलें असें समजून निरोप घेतो. हा हिशेब ध्यानांत आला म्हणजे ह्या कळा मंत्रतंत्र वाटत नाहींत.

आज्ञा वाचून ती संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोहोंचविणाऱ्या प्रोग्रामला शेल, म्हणजे कवच, असें नांव आहे. त्यांतील फार प्रसिद्ध शेल म्हणजे बॅश. ग्नू प्रकल्पासाठीं ब्रायन फॉक्स यांनीं तें लिहिलें व १९८९ सालीं तें प्रथम बाहेर पडलें. लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर तें आजही भेटतें. ॲपलच्या संगणकांवर २०१९ पासून झी-शेल हें त्याचें भावंड नेमलेलें आहे. तेथेंही मी सांगणार आहें त्या बहुतेक कळा चालतात. बॅशमध्यें ओळ लिहिण्या-खोडण्याचें काम रीडलाइन नांवाचा एक वेगळा भाग करितो, आणि त्याच्या कळा ईमॅक्स नांवाच्या, १९७६ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत निघालेल्या लेखन-प्रोग्रामच्या वळणावर बेतलेल्या आहेत.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. समजा, आपण ६० अक्षरांची एक आज्ञा लिहिली. आरंभींचा शब्द सी-पी, म्हणजे ‘नक्कल कर’, असा पडला. वास्तविक एम-व्ही, म्हणजे ‘हलव’, असें लिहावयाचें होतें. ओळींत पुढचें अक्षर कोठें उमटणार हें दाखविणारी जी लुकलुकती खूण असते, तिला कर्सर म्हणतात. ती ह्या वेळीं ओळीच्या शेवटीं आहे. नवशिका मनुष्य काय करितो? मागें खोडण्याची कळ ६० वेळां दाबून सारी ओळ पुसतो आणि पुन्हां ६० अक्षरें लिहितो. एकूण १२० दाब. त्याहून थोडा जाणता मनुष्य डाव्या बाणाची कळ ५८ वेळां दाबतो, दोन अक्षरें खोडतो व दोन लिहितो, एकूण ६२. बाण दाबून धरला तर खूण आपोआप धांवते हें खरें, पण ती हव्या त्या जागीं थांबत नाहीं; पुढें जाते, मग परत आणावी लागते. तिसरा मनुष्य कंट्रोल-ए दाबतो; खूण एकदम आरंभीं येते. मग आल्ट-डी दाबतो. पुढचा शब्द नाहींसा होतो. मग दोन अक्षरें लिहितो. एकूण दाब ४. नंतर ओळीच्या शेवटीं जाण्याचीही जरूर नाहीं. खूण कोठेंही असली तरी एंटर दाबतांच पूर्ण ओळ स्वीकारली जाते.

१२० आणि ४ ह्यांतील अंतर नुसतें वेळेचें आहे असें मानूं नये. १२० दाबांपैकीं प्रत्येक दाब ही चूक होण्याची एक संधि आहे. बरोबर लिहिलेली ५८ अक्षरें पुसून पुन्हां लिहिणें म्हणजे शुद्ध उतारा फाडून टाकून तो पाठ म्हणून लिहिण्यासारखें आहे. जें बरोबर आहे त्याला हात लावूं नये, जें चुकलें तेवढेंच दुरुस्त करावें, हें ह्या कळांमागील खरें तत्त्व होय.

मुख्य कळा थोड्याच आहेत, आणि त्यांचीं अक्षरें अर्थावरून ठरलेलीं असल्यामुळें लक्षांत राहतात. कंट्रोल-ए म्हणजे ओळीचा आरंभ. रोमन वर्णमालेचा आरंभही ‘ए’नेंच होतो. कंट्रोल-ई म्हणजे अंत. ‘एंड’ ह्या शब्दाचें तें आद्याक्षर. आल्ट-बी नें एक शब्द मागें, आल्ट-एफ नें एक शब्द पुढें. ‘बॅक’ आणि ‘फॉरवर्ड’. कंट्रोल-डब्ल्यू नें मागचा शब्द, कंट्रोल-यू नें आरंभापर्यंतचा मजकूर, आणि कंट्रोल-के नें शेवटापर्यंतचा मजकूर कापला जातो. ‘कापला जातो’ असें मी जाणूनबुजून म्हटलें. कारण तो नष्ट होत नाहीं, बाजूस ठेवला जातो. कंट्रोल-वाय दाबलें कीं तो परत येतो.

ह्या शेवटल्या सोयीचा उपयोग पहा. आपण एक लांब आज्ञा लिहीत आणली आणि एंटर दाबण्यापूर्वीं आठवलें कीं, ज्या फोल्डरमध्यें फायली ठेवावयाच्या तो फोल्डर अजून केलाच नाहीं. अशा वेळीं कंट्रोल-यू दाबून ती ओळ खुंटीला टांगून ठेवावी, फोल्डर करण्याची आज्ञा द्यावी, आणि मग कंट्रोल-वाय दाबून टांगलेली ओळ काढून घ्यावी. लिहिलेलें एक अक्षरही वायां जात नाहीं, आणि मनांतील विचाराचा धागाही तुटत नाहीं.

दुसरी मोठी सोय टॅब ह्या कळेची. फाइलचें लांबलचक नांव लिहितांना पहिलीं दोन-चार अक्षरें लिहून टॅब दाबावें. त्या अक्षरांनीं सुरू होणारी एकच फाइल असेल तर संगणक नांव पुरें करितो. अनेक असतील तर जेथपर्यंत सर्वांचीं अक्षरें सारखीं आहेत तेथपर्यंत लिहून तो थांबतो, आणि पुन्हां टॅब दाबलें म्हणजे सर्व नांवांची यादी पुढें मांडतो. ह्यांत श्रम वांचतात हें उघडच आहे. परंतु माझ्या मतें टॅबचा खरा गुण परीक्षकाचा आहे. टॅब दाबूनही नांव पुरें झालें नाहीं, तर बहुधा आपलें अक्षर चुकलें आहे, किंवा आपण भलत्याच जागीं उभे आहोंत. चूक घडण्यापूर्वींच तिची सूचना मिळते.

तिसरी सोय स्मरणाची. आपण दिलेल्या आज्ञा बॅश एका वहींत टिपून ठेवतें; मूळ मापाप्रमाणें ह्या वहींत शेवटच्या ५०० ओळी राहतात, आणि हा आंकडा वाढवितां येतो. वर जाणाऱ्या बाणानें ती एकेक पान मागें चाळतां येते. पण वीस दिवसांपूर्वींची आज्ञा बाणानें कोण शोधीत बसणार? त्यासाठीं कंट्रोल-आर दाबावें आणि त्या आज्ञेंतील आठवत असलेलीं दोन-तीन अक्षरें लिहावीं; तीं अक्षरें असलेली सर्वांत अलीकडची आज्ञा पुढें येते. ती नको असेल तर पुन्हां कंट्रोल-आर, तिच्यामागची येते. शोध सोडून द्यावयाचा असल्यास कंट्रोल-जी. मात्र येथें एक पथ्य पाळावें. आज्ञा सांपडतांच एंटर दाबूं नये, कारण ती तत्क्षणीं अमलांत येते. आधीं कंट्रोल-ई दाबावें, म्हणजे ती ओळ अमलांत न येतां आपल्या हातीं येते. मग ती सावकाश वाचावी, आणि नंतरच एंटर. तसेंच, वही सर्व कांहीं टिपते हें लक्षांत ठेवून आज्ञेच्या ओळींत परवलीचा शब्द कधींही लिहूं नये.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय घेतला, तिच्याकडे वळतों. ‘जलद काम’ म्हटलें कीं वडील माणसांच्या मनांत उतावळेपणाची भीति उभी राहते, आणि ती अकारण नाहीं. आर-एम ही आज्ञा फाइल काढून टाकते. ती कचऱ्याच्या टोपलींत ठेवीत नाहीं, आणि बहुधा ‘नक्की ना?’ असें विचारीतही नाहीं. तिच्या जोडीला तारकाचिन्ह आलें कीं धोका वाढतो. तारका म्हणजे ‘वाटेल तीं अक्षरें’. तारका आणि तिला लागून ‘डॉट-बी-ए-के’ असें लिहिलें, तर त्या शेपटाच्या जुन्या प्रतीच तेवढ्या जातात. पण घाईनें तारकेनंतर एक मोकळी जागा पडली, तर संगणक त्याचे दोन शब्द समजतो: पहिली नुसती तारका, म्हणजे त्या फोल्डरमधील साऱ्या फायली, आणि दुसरा तो शेपटाचा शब्द. कित्येक महिन्यांचें लेखन, घरांतील छायाचित्रें, कचेरीचे हिशेब, एका मोकळ्या जागेनें जातात.

ह्यावर उपाय कळांतच आहे. प्रथम आर-एम लिहूंच नये. त्याच्या जागीं एल-एस लिहावें, म्हणजे ‘नुसती यादी दाखव’, आणि पुढें तोच नमुना लिहावा. एंटर दाबतांच कोणकोणत्या फायली त्या नमुन्यांत बसतात तें डोळ्यांना दिसतें. भलतीं नांवें दिसलीं तर कांहीं बिघडलेलें नाहीं. चूक कागदावरच राहिली. यादी बरोबर असेल तर वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणावी, कंट्रोल-ए नें आरंभीं जावें, आल्ट-डी नें एल-एस हा शब्द काढावा, आर-एम लिहावें, ओळ एकवार वाचावी, आणि मग एंटर दाबावें. येथें नमुना पुन्हां लिहावा लागला नाहीं, म्हणून त्यांत नवी चूक शिरण्यास जागाच राहिली नाहीं. जी कळ श्रम वांचविते तीच येथें राखण करिते. ज्याला ह्या चार कळा येत नाहींत त्याला ही सावधगिरी कंटाळवाणी वाटते, आणि म्हणून तो ती टाळतो. हात सुलभ झाला म्हणजे सावधपणाही स्वस्त होतो.

कांहीं कळांविषयीं आगाऊ सूचना दिलेली बरी. कंट्रोल-सी चालू असलेलें काम थांबविते, किंवा लिहीत असलेली ओळ सोडून देते. खिडक्यांच्या कामांत हीच कळ नक्कल करण्यास वापरतात. म्हणून संवयीनें ती येथें दाबली जाते आणि चाललेलें काम मधेंच तुटतें. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलांत नक्कल करण्यास शिफ्टही सोबत दाबावें लागतें. कंट्रोल-झेड काम बंद करीत नाहीं, केवळ स्थगित ठेवितें. एफ-जी ही दोन अक्षरें लिहून एंटर दाबलें कीं तें परत पुढें येतें. कंट्रोल-एस नें पडद्यावरील अक्षरें गोठतात. ही टेलिटाइपच्या काळची, छापणें क्षणभर थांबविण्याची खूण. चुकून ती दाबली गेली कीं संगणक बिघडला असें समजून लोक खिडकीच बंद करितात. वास्तविक कंट्रोल-क्यू दाबण्याचाच अवकाश, कीं सर्व पूर्ववत् चालू होतें. आणि वेबच्या ब्राउझरमध्यें उघडलेल्या टर्मिनलांत कंट्रोल-डब्ल्यू जपून वापरावें. तेथें एका शब्दाऐवजीं सारी टॅबच बंद होण्याचा संभव असतो.

आल्टविषयींही एक सूचना. ॲपलच्या टर्मिनलमध्यें ही कळ आधीं योजून घ्यावी लागते. तें न केल्यास एस्केप दाबून सोडावी व मग अक्षर दाबावें, परिणाम तोच. कंट्रोल दाबण्याचा भार बहुधा डाव्या करंगळीवर पडतो आणि ती दुखूं लागते. पूर्वींच्या कित्येक टर्मिनलांवर कंट्रोल ‘ए’च्या लगत डावीकडे असे. आज तेथें कॅप्स लॉक बसली आहे. संगणकाच्या मांडणींत बदल करून त्या दोन कळांची अदलाबदल करितां येते, आणि पुष्कळ कसलेले लोक तसें करितात.

शेवटीं, हें शिकावें कसें? वर्गांत पाढे शिकविणाऱ्या मनुष्याला एक गोष्ट ठाऊक असते: तीस पाढे एका दिवशीं घोकून घेतले, तर दुसऱ्या दिवशीं एकही उरत नाहीं. कळांची छापील यादी भिंतीवर चिकटविण्याचा परिणामही तोच. एका आठवड्याला एक कळ घ्यावी. पहिला आठवडा टॅबचा. कोणतेंही नांव पुरें हातानें लिहावयाचें नाहीं असा नेम करावा. दुसरा कंट्रोल-आरचा. तिसरा ए आणि ई ह्या जोडीचा. चौथा डब्ल्यू, यू आणि वाय ह्यांचा. नेम मोडून बाणाची कळ दाबली गेली, तर ती ओळ पुन्हां योग्य कळेनें दुरुस्त करावी; पाढा चुकला म्हणजे तो आरंभापासून म्हणावयाचा, तसेंच हें. पहिले दोन-तीन दिवस काम मंद होतें. तेवढा तोटा सोसावा. पुढें बोटें आपण होऊन जातात आणि मन मोकळें राहतें.

मन मोकळें राहणें हाच ह्या साऱ्या खटपटीचा लाभ आहे. वांचलेल्या सेकंदांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, आणि ठेवूंही नये. परंतु कळ शोधण्यांत गुंतलेलें लक्ष सुटलें म्हणजे तें लिहिलेली आज्ञा वाचण्याकडे लावितां येतें. आणि एंटर दाबण्यापूर्वीं ओळ एकवार वाचणारा मनुष्य सहसा पस्तावत नाहीं. आपल्या घरीं जो कोणी त्या काळ्या पडद्यापुढें बसत असेल, त्याला आज एवढेंच विचारा कीं, ‘काढून टाकण्याची आज्ञा देण्यापूर्वीं तूं यादी पाहतोस काय?’ त्याच्या उत्तरावरून त्याचा हात किती तयार झाला आहे, हें आपणांस समजेल.